खांदेरीचा दिवा आणि वऱ्हाडचा कापूस

मेळघाटातील धारणीच्या विद्यार्थ्यास समुद्र प्रथम भेटतो तो भिंतीवरील नकाशात. अशा वर्गात दीपगृहाचा विषय निघाला, तर तो आपल्या मुलखाचा नव्हे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुंबई बंदराच्या मुखाशी, थळच्या किनाऱ्यासमोर असलेल्या खांदेरी बेटावरील दिव्याचा वऱ्हाडशी जुना संबंध आहे.

खांदेरी हे मूळचे दुर्गस्थान. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांच्याकरवी तेथे तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांच्या उरात धडकी भरली. त्यांनी लढाऊ जहाजे धाडली. तरीही बेट मराठ्यांकडेच राहिले. पुढे 1818 मध्ये राज्य गेले. ज्या बेटावरून इंग्रजांना हुसकावून लावले होते, त्याच बेटावर 1867 मध्ये त्यांच्या जहाजांना वाट दाखविणारे दीपगृह उभे राहिले.

त्याच वर्षी मुंबईहून वऱ्हाडमार्गे येणारा लोहमार्ग नागपुरास पोहोचला. ही एकाच व्यापाराची दोन अंगे होत. कापूस गाडीने बंदरास जावा आणि तेथून जहाजाने विलायतेस लागावा, अशी ती व्यवस्था होती. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे तेथील कापूस विलायती गिरण्यांना मिळेनासा झाला आणि येथील भाव कडाडले. युद्ध संपताच ते कोसळले. जहाज खडकावर आदळू नये म्हणून सरकारने मनोरा बांधला. भावाच्या भोवऱ्यात सापडलेल्या कास्तकारासाठी मात्र असा दिवा कोठेही लागला नाही.

1998 मध्ये या बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरीचाही समावेश झाला. ही अभिमानाची गोष्ट होय. मात्र जतन करताना तट आपला आणि दीपगृह परक्यांचे, असा भेद होता कामा नये. तटावर पराक्रमाची साक्ष आहे, तर मनोऱ्यावर पारतंत्र्याची आणि त्या काळच्या व्यापाराची. शिवाय दिवा आपपरभाव जाणत नाही. साम्राज्याच्या जहाजांसाठी लावलेला प्रकाश आज कोळ्यांच्या होडीसही वाट दाखवितो. धारणीच्या वर्गात हा धडा या दोन्ही बाजूंसह शिकविला गेला, तर नकाशातील समुद्र मुलांना इतका दूरचा वाटणार नाही.