सुखीलालाची वही

पाचशे रुपये. राधाच्या सासूने लग्नासाठी काढलेलं कर्ज, आणि त्याच्या व्याजापोटी दर हंगामाला सावकार सुखीलाला उचलून नेतो तो पिकाचा तीन चतुर्थांश वाटा. ‘मदर इंडिया’तल्या साऱ्या दुःखाचं मूळ हे एवढंच. राधा झालेल्या नर्गिसच्या खांद्यावरचा नांगर सर्वांच्या लक्षात आहे. माझ्या मनातून मात्र सावकाराची ती वही कधी गेली नाही. तिचा निकाल मेहबूब खान यांनी कसा लावला याचा माग काढत मी आधी ‘औरत’कडे गेलो आणि मग दिल्लीला पाठवलेल्या एका पत्रापाशी थांबलो.

‘औरत’ १९४० चा, मेहबूबचाच. गोष्ट तीच, सावकारही तोच, कन्हैयालाल. कॅमेऱ्यामागे दोन्ही वेळा फरेदून इराणी. १९५७ च्या ‘मदर इंडिया’त नवीन आली ती चौकट : ट्रॅक्टर, धरण, खादीतले पुढारी आणि कालव्याचं उद्घाटन करायला बोलावलेली म्हातारी राधा. सगळी कथा आता तिची आठवण म्हणून उलगडते. माझ्या मते राष्ट्राची पुराणकथा रचली गेली ती या चौकटीत.

आता ते पत्र. कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंचं ‘मदर इंडिया’ हे पुस्तक १९२७ चं. बालविवाह, बाळंतपणं, अस्वच्छता यांची वर्णनं रचून भारतीय लोक स्वराज्याला लायक नाहीत, असं सुचवणारं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याला गटार तपासनिसाचा अहवाल ठरवलं, लाला लजपतराय यांनी उत्तरादाखल आख्खं पुस्तक लिहिलं. असं नाव चित्रपटाला दिल्याचं कळताच सरकारी खात्यांनी पटकथा मागवली. सप्टेंबर १९५५ मध्ये मेहबूबच्या संस्थेने पटकथेसोबत खुलासा धाडला : आमचा चित्रपट त्या पुस्तकाच्या अगदी उलट आहे आणि हे नाव आम्ही मुद्दाम, त्या पुस्तकाला आव्हान म्हणून घेतलं आहे.

बिलिमोऱ्याच्या, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या माणसाने बदनामीचं नावच हिसकावून घ्यावं, या हिमतीला मी मनापासून मानतो. पण हे पत्र वाचल्यावर राधा वेगळी दिसू लागते. मेयोबाईंचा आरोप भारतीय स्त्रीच्या देहाच्या आडून देशावर होता. म्हणून उत्तरही अब्रूच्याच भाषेत द्यावं लागलं. पुरानंतर लेकरं उपाशी असताना राधा सुखीलालाच्या घरातून निष्कलंक परत येते. शेवटी ती पोटच्या बिरजूला गोळी घालते तीही अब्रूसाठीच, आणि ज्या मुलीला तो पळवून नेत असतो ती सुखीलालाची लेक!

बिरजूला वाचता येत नाही. आपल्याला लुबाडलं जातंय ते वहीतल्या अक्षरांत दडलंय, एवढं मात्र त्याला पक्कं कळतं. तो वह्या जाळतो, सावकाराला मारतो. ते पाहताना पुणे जिल्ह्यातलं सुपे आठवल्यावाचून राहत नाही. १२ मे १८७५ रोजी तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि कागदपत्रं काढून पेटवली होती. माणसांपेक्षा कागदांवर रोख असलेला तो उठाव सरकारला १८७९ च्या शेतकरी संरक्षणाच्या कायद्यापर्यंत घेऊन गेला. मेहबूबच्या चित्रपटातल्या गावात तसा कायदा येत नाही. वही जाळणारा मरतो आणि थेट कालव्याचं पाणी येतं, आधी रक्तासारखं लाल, मग स्वच्छ. अन्याय हिशेबातला होता, उत्तर मिळालं पाटबंधाऱ्याचं. नेहरूकाळाचा सगळा विश्वास या एका उडीत आहे, आणि ती उडी इतक्या ताकदीने घेतलेली आहे की कर्जाचं काय झालं, हे विचारायचंच आपण विसरतो.

बाबूराव पेंटर यांनी ते विचारलं होतं. १९२५ च्या त्यांच्या ‘सावकारी पाश’ या चित्रपटात तरुण व्ही. शांतारामांनी रंगवलेला शेतकरी जमीन गमावतो, शहर गाठतो आणि गिरणीत कामाला लागतो. तिथे कालवा नाही, उद्घाटन नाही, गळ्यात हार घालायला पुढारी नाहीत. नव्या देशाने स्वतःसाठी मेहबूबची राधा निवडली. पेंटरांचा शेतकरी मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत येतच राहिला.