सोबत कोण?

मुंबईसारख्या महानगरांत नाटकास अथवा चित्रपटास एकटाच आलेला मनुष्य पाहिला, कीं आपल्या मनांत दोन तर्क हमखास उठतात. एक, या बिचाऱ्यास कोणी स्नेहीसोबती नसावा. दुसरा, हा घरीं न सांगतां आला असावा. पहिल्या तर्कांत कीव आहे, दुसऱ्यांत संशय. त्यास जें पाहावयाचें होतें तें पाहण्यासाठीं तो आला असेल, हा तिसरा व सर्वांत सरळ तर्क मात्र सहसा कोणास सुचत नाहीं. सुशिक्षित घरांतून या तिसऱ्या तर्कास जागा मिळावी, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.

करमणूक ही मंडळी जमवून करावयाची गोष्ट, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. ता. ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत प्रथम दाखविण्यांत आलीं. थोड्याच दिवसांत तो खेळ नॉव्हेल्टी थिएटरांत होऊं लागला, तेव्हां पडदानशीन स्त्रियांसाठीं व कुटुंबांसाठीं निराळ्या बैठका राखून ठेवण्यांत आल्या. पुढें १९१३ सालीं गिरगांवांत ‘राजा हरिश्चंद्र’ आला, १९३१ सालीं तेथेंच ‘आलम आरा’ बोलूं लागला. तरी प्रेक्षागृहांत बहुतेक स्त्रिया येत त्या कुटुंबाच्या छायेंतच. त्या काळीं तें सोयीचेंहि होतें. रात्रीं परतावयास वाहन मिळेलच असें नसे. परंतु जी सोय होती तिची रूढि झाली, आणि रूढीचा आतां अडसर झाला आहे.

एकत्र कुटुंबांत हा अडसर कसा पडतो, तें वाचकांस सांगावयास नको. प्रयोग दुपारचा असला तर थोरल्यांची वामकुक्षी आड येते, रात्रींचा असला तर मुलांची सकाळची शाळा. एकास संगीत नाटक हवें, दुसऱ्यास प्रहसन. सर्वांची सवड व आवड जुळेपर्यंत नाटकाचे प्रयोगच बंद होतात. यांत अधिक झीज होते ती घरांतील सुनेची. मुलगा कचेरींतून परस्पर चित्रपट पाहून आला, तर त्यास कोणी विचारीत नाहीं; सुनेनें ‘दादरला नाटकास जाऊन येतें’ म्हटलें, कीं सासूबाई विचारतात, “सोबत कोण?” आमच्या परिचयाच्या एका घरांत या प्रश्नाचें उत्तर पांच वर्षें सांपडलें नाहीं, आणि ती बाई शाळेंत मुलांस नाट्यवेंचे शिकवीत असे!

वस्तुतः नाट्याचा आस्वाद घेण्यास सोबत लागते, असें आपलें शास्त्र कोठें म्हणतें? भरताच्या नाट्यशास्त्रावरील टीकेंत अभिनवगुप्ताचार्यांनीं रसास्वादाचीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. प्रेक्षकानें स्वतःच्याच सुखदुःखांत गुंतून राहणें, हें त्यांतील एक. मंडळीसह गेलेल्या गृहिणीची स्थिति याहून निराळी असते काय? मुलास भूक लागली असेल, नणंदेस नाटक आवडलें नसेल, या चिंतेंत पहिला अंक सरतो. शेजारीं सासरे बसले असतां सून मोकळेपणीं रडूं शकत नाहीं, आणि सून बसली असतां सासऱ्यांनाहि डोळे पुसण्याचा संकोच वाटतो. अनोळखी मंडळींत बसलेल्या एकट्या प्रेक्षकास हें बंधन नसतें. तो एकटा असतो असेंहि नव्हे. त्याच क्षणीं शेंकडों माणसें त्याच्याबरोबर श्वास रोखून बसलेलीं असतात.

शाळेंतून निवृत्त झाल्यापासून आम्हीहि अधूनमधून एकटेच प्रयोगास जातों. दोन कुटुंबांच्या मध्यें उरलेली एखादी चांगली खुर्ची एकट्यासच मिळते. मध्यंतरांत बटाटेवडा खातां खातां कोणा अपरिचित गृहस्थांशीं नायिकेच्या वर्तनाविषयीं कडाक्याचा वाद होतो, घंटा होते, आणि आम्ही एकमेकांचें नांवहि न विचारतां आपापल्या जागीं परततों.

आतां मद्यगृहाविषयीं, कारण ‘आज नाटक, उद्यां बार’ अशी शंका कित्येकांस येईल. मुंबईंत १ ऑगस्ट १९३९ रोजीं दारूबंदी आली, पुढें १९४९ चा कायदा झाला. ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच इतिहासाची खूण होय. आजहि महाराष्ट्रांत पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. आम्ही त्या वाटेचे नव्हों. तथापि तेथें एकटा बसलेला प्रत्येक जण व्यसनीच, असें आम्ही म्हणणार नाहीं. दिवसभराच्या कोलाहलानंतर कोणाशींहि न बोलतां घटकाभर बसण्याच्या जागा या शहरांत फार थोड्या आहेत. पण भेद आहे तो असा, कीं संस्कृत नाटकास भरतवाक्य असतें, चित्रपट संपला कीं दिवे लागतात. पेल्यास भरतवाक्य नाहीं. तें पिणाऱ्यासच म्हणावें लागतें, आणि तें म्हणण्याचें भान पेलाच हरण करतो. तेथें ‘पुरे’ म्हणणारा सोबती असावा. म्हणून आमचा पुरस्कार प्रेक्षागृहापुरता. मद्यगृहाची मर्यादा निराळी, आणि ती स्त्रीपुरुष दोघांसहि सारखीच.

पहिल्यानें एकटें जाणाऱ्यानें दुपारचा प्रयोग निवडावा. दादरचें शिवाजी मंदिर स्थानकापासून पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. कोणतें नाट्यगृह व प्रयोग केव्हां सुटेल, एवढें घरीं सांगून जावें. मात्र सांगून जाणें निराळें आणि परवानगी मागणें निराळें. पहिल्यांत आपुलकी आहे, दुसऱ्यांत तारण. मंडळीसह जाणें बंद करावें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. सणावारीं सर्वांनीं मिळून जावेंच. परंतु एरव्हीं सून एकटी नाटक पाहून आली, तर तिचें ताट झांकून ठेवावें, आणि ती जेवावयास बसली म्हणजे शेजारीं बसून विचारावें, “कसें होतें नाटक?”