बाभळी : चौदा दारांचे गाव

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात गोदाकाठी बाभळी हे लहानसे गाव आहे. गावाची मोठी खूण म्हणजे नदीवरचा १४ दरवाजांचा बंधारा. पाणीसाठा २.७४ टीएमसी. तेलंगणाची सीमा येथून जवळच, आणि पलीकडे पोचमपाडचे मोठे धरण. त्या धरणाचे पाणी अडेल म्हणून आंध्र प्रदेशाने २००६ साली सर्वोच्च न्यायालय गाठले. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला : बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे.

म्हणजे ऐन पुराचे पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते. नंतर नदीला धार असेल तर हरभऱ्या-गव्हाला आधार. पाऊस लवकर उघडला, तर दरवाजे लावूनही पात्र रिते. म्हणून काठच्या शेतकऱ्याने रब्बीचा बेत पंचांगावर नव्हे, पात्रातल्या पाण्यावर आखावा आणि विहीर-शेततळ्याची जोड सोडू नये.

बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जाल, तेव्हा वाट थोडी वाकडी करून हा बंधाराही पाहा. अडवलेल्या पाण्याचे मोल तेथे चांगले कळते.