तळघरातल्या डीजे बारमध्ये शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा

बेळगाव, प्रतिनिधी : "मामा, एकदा चला की. आम्ही शनिवारी जातो कुठं, ते तुम्हालाही कळू दे," असं भाचा म्हणाला आणि मी गेलो. तो पुण्यात नोकरीला आहे, मी कामासाठी दोन दिवस तिथं होतो. रात्री दहाच्या सुमारास एका इमारतीच्या तळघरातल्या कॉकटेल बारमध्ये आम्ही उतरलो. जिना अरुंद, वळणावर बाटल्यांचे क्रेट रचलेले. खाली खिडकी एकही नाही. छताला आणि भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखा काळा फोम. डीजेचा आवाज इतका, की शेजारच्याशी बोलायला कानात ओरडावं लागत होतं. गर्दी दीडशेच्या आसपास असावी.

संगीत चांगलं होतं, पोरं मजेत होती, कुणाचा दंगा नव्हता. तेवढ्यात एका टेबलावर वाढदिवसाची बाटली आली. तिच्या तोंडाला ठिणग्या उडवणारी फुलबाजी लावलेली आणि वर हातभर अंतरावर तो फोम. मी वेटरला विचारलं, बाहेर जायला दुसरा दरवाजा कुठं आहे? तो म्हणाला, "वॉशरूम त्या बाजूला, सर." दुसरा दरवाजा मीच शोधला. पडद्यामागे होता. त्याला कुलूप होतं आणि पुढे खुर्च्या रचल्या होत्या.

आपल्या भागातली पोरं सुट्टी लागली की गोवा, पुणे, बेंगळुरू गाठतात. त्यांनी जाऊ नये असं सांगायला हा लेख नाही. पण तळघरात आग लागली तर नेमकं काय होतं, हे जाण्याआधी माहीत असावं.

जिना हीच चिमणी

धूर वर चढतो हे सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या मजल्यावर आग लागली तर माणूस खाली पळतो, धूर वर जातो. दोघांच्या वाटा वेगळ्या. तळघरात मात्र माणसालाही वरच जायचं असतं. जिना एकच असेल तर धूर आणि माणसं एकाच वाटेनं निघतात, आणि धूर आधी पोचतो.

दुसरी गोष्ट फोमची. आवाज घुमू नये म्हणून लावलेला साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्यानं पेटतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. अशा आगीत पुष्कळ माणसं भाजण्याआधी गुदमरतात. हातात वेळ मिनिटांचाच असतो.

आधी घडलेलं

ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरातल्या किस नाइट क्लबमध्ये 27 जानेवारी 2013 रोजी स्टेजवरच्या फटाक्यानं छताचा फोम पेटला. 242 जणांचा जीव गेला. बाहेर पडायला वाट एकच होती. सुरुवातीला दारावरच्या रक्षकांनी लोकांना अडवलं, कारण ते बिल न भरता पळताहेत असं त्यांना वाटलं.

मुंबईत कमला मिल आवारात 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री आग लागून 14 जण गेले. ती जागा तळघरात नव्हती, गच्चीवर होती. म्हणजे फक्त तळघरालाच दोष देऊन भागत नाही.

आपल्याला सगळ्यात जवळची घटना गोव्यातली. बार्देश तालुक्यातल्या हडफडे इथल्या नाइट क्लबमध्ये 6 डिसेंबर 2025 च्या रात्री आग लागली आणि 25 जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक तिथेच काम करणारे होते. पोटासाठी दूरच्या राज्यांतून आलेली ही माणसं, त्यातले बरेच जण तळघरात गुदमरले. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच 1 जानेवारी 2026 च्या पहाटे स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोंताना इथं तळघरातल्या बारमध्ये आग भडकली. किमान 40 जण गेले, त्यात तरुण पोरंच जास्त. बाटलीला लावलेली फुलबाजी छताजवळ गेल्यानं ती आग लागल्याचं समोर आलं. मी पुण्यात पाहिली ती बाटली तशीच होती.

कॉकटेल आणि आवाज

कॉकटेलचा गोडवा फसवतो. लाँग आयलंड आइस्ड टी या नावात चहा असला तरी पेल्यात चहाचा थेंब नसतो. प्रचलित कृतीत व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याचं लिकर, प्रत्येकी 15 मिली पडतं. म्हणजे 75 मिली. आपल्याकडचा लार्ज पेग 60 मिलीचा. सरबतासारखे दोन ग्लास घेणाऱ्यानं दोन लार्जपेक्षा जास्त घेतलेली असते आणि त्याला ते जाणवतही नाही. अशा माणसाला अंधारात जिना शोधायचा असतो.

आवाजाचंही तेच. 100 डेसिबलच्या आवाजात सुमारे पंधरा मिनिटांपलीकडे थांबणं कानाला धोक्याचं, असं अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचं मोजमाप सांगतं. इतक्या आवाजात "आग, आग" असं कुणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून धोका दिसला तर डीजेनं आधी संगीत बंद करून दिवे लावायला पाहिजेत. हे त्याला कुणी शिकवलंय का, हे मालकाला विचारायला हरकत नाही.

बिल असं वाचा

आम्ही बिल मागितलं तेव्हा माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. समजायला सोपा हिशेब घेऊ. खाणं 1,600 रुपये, दारू 2,400, एकूण 4,000. पिण्याच्या दारूवर जीएसटी लागत नाही, तिच्यावर कर राज्य सरकार लावतं. साध्या रेस्टॉरंटमध्ये 5 टक्के जीएसटी फक्त खाण्यावर, म्हणजे 80 रुपये. पूर्ण 4,000 वर लावला असेल तर 200 होतात. ते 120 रुपये जास्तीचे.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो बिलात आपोआप जोडता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. लावला असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आणि आग लागली असेल तर बिलासाठी एक क्षणही थांबू नका.

जाणाऱ्यांसाठी

खाली उतरल्यावर पहिली पाच मिनिटं एवढं बघा. दुसरी वाट आहे का, ती उघडी आहे का, दार बाहेरच्या बाजूला उघडतं का. जिन्यात सामान असेल, दुसऱ्या दाराला कुलूप असेल, तर परत वर या. बार दुसरे मिळतील. छताजवळ फुलबाजी पेटली तर लगेच त्या जागेपासून लांब व्हा. व्हिडिओ काढत बसू नका. धूर आला तर खाली वाकून, भिंतीच्या कडेनं निघा. बॅग, जॅकेटसाठी मागं फिरू नका. बाहेर आल्यावर 112 किंवा 101 लावा.

परतताना गाडी न घेतलेल्यानंच चालवावी. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्या रात्री आम्ही अकराच्या आतच वर आलो. भाचा थोडा नाराज होता. रिक्षात म्हणाला, "मामा, गेल्या वर्षभरात मी इथं दहा वेळा तरी आलोय. तो दरवाजा मला कधी दिसलाच नाही." घरात नोकरीला, शिकायला बाहेर असलेली पोरं असतील, तर पुढच्या फोनवर जेवलास का विचारताना एवढंही विचारा, की जिथं जातोस तिथला दुसरा दरवाजा कुठं आहे.