वीज परत कुठून जाते?

गुलमंडीच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळणारा साधा टेस्टर घ्या. प्लगच्या फेजच्या भोकात टोक घालून मागच्या टोपीवर बोट टेकवलं की आतला निऑनचा दिवा तांबूस उजळतो. बोट काढलं की विझतो. म्हणजे तो पेटतो तो आपल्या अंगातून वीज जाते म्हणून! टेस्टरच्या पोटात साधारण दहा लाख ओहमच्या घरातला रेझिस्टन्स बसवलेला असतो, त्यामुळे प्रवाह पाव मिलिअँपिअरही भरत नाही आणि आपल्याला काही जाणवत नाही.

पण ती वीज अंगातून जमिनीत का उतरते? वायरमनच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याने आधी या प्रश्नाला भिडावं, असं मला मनापासून वाटतं. आयटीआयच्या दोन वर्षांत सूत्रं पाठ होतात, जिन्याच्या वायरिंगला हात बसतो. पण हे उमगलं की बाकीचा अभ्यास आपोआप रांगेला लागतो. उत्तर चौकातल्या डीपीपाशी आहे. तिथल्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला जोडलेला असतो. फेजमधून निघालेल्या विजेला परत जायला न्यूट्रलची तार आहे, तशीच ही सगळी जमीनही आहे. फेजला हात लागलेला माणूस त्या दुसऱ्या वाटेवर उभा असतो. अंगाचा रोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. याच्या निम्म्यानेही हृदयाची लय कायमची तुटू शकते.

म्हणूनच भारतीय विद्युत नियम, १९५६ मधल्या ४५ व्या नियमाने बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलायची मोकळीक ठेवली; पण नवीन वायरिंग किंवा वाढीव काम म्हटलं की कॉन्ट्रॅक्टरला लायसन्स, देखरेख करणाऱ्याला सक्षमतेचं प्रमाणपत्र आणि हातात पक्कड धरणाऱ्याला परमिट हवंच. नंतर नियमावल्या बदलल्या, तत्त्व तेच राहिलं. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मध्ये जुनं लाकूड अशा गल्लीत ही सक्ती किती शहाणपणाची आहे, ते वेगळं सांगायला नको.

आता खरी मौज. गिझरच्या पत्र्याला आतून फेज चिकटला, तर अर्थिंग आपल्याला वाचवतं, असं आपण धरून चालतो. हिशेब करून बघा. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम असला, तर २३० भागिले ५, म्हणजे फार तर ४६ अँपिअर जमिनीत जातील. पण ३२ अँपिअरचा एमसीबी ४६ अँपिअरला कितीतरी वेळ ट्रिपच होत नाही, आणि तोवर पत्रा जिवंत!

इथे आरसीसीबी कामाला येतो. त्याच्या आत लोखंडी मिश्रधातूचं एक कडं असतं आणि फेज व न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असला की दोघांचं चुंबकत्व एकमेकांना पुसून टाकतं, कडं शांत. पेढीवरच्या मुनीमासारखा तो क्षणाक्षणाला जमाखर्च जुळवत असतो. तीस मिलिअँपिअर कमी परतले, की कड्यात चुंबकत्व उमटतं, बाजूच्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि खटका पडतो. मानकानुसार ०.३ सेकंदाच्या आत, प्रत्यक्षात बहुधा त्याहून कितीतरी लवकर. हृदयाचा एक ठोकाही तेवढ्यात पुरा होत नाही. गळालेली वीज कुठे गेली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ती परत आली नाही, एवढं त्याला पुरतं.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की एका रेझिस्टन्समधून थोडी वीज मुद्दाम कड्याला वळसा घालून नेली जाते आणि खटका पडतो. अधूनमधून ते दाबून बघावंच. मात्र खटका पडला म्हणून अर्थिंग नीट आहे, असं कुणी समजू नये. या चाचणीत अर्थिंगच्या तारेचा संबंधच येत नाही. घरात अर्थिंग मुळीच नसलं तरी बटण चालतं. अर्थिंगचा खड्डा वेगळा, अर्थ टेस्टर लावूनच तपासावा लागतो.