भरपाईच्या आधी विचारपूस

गेल्या गळीत हंगामात माझ्या वर्गातील एक विद्यार्थी पंधरा दिवस दिसला नाही. परत आल्यावर कळले की, एका लहानशा कार्यशाळेत काम करणाऱ्या त्याच्या वडिलांचा उजवा हात यंत्रात सापडून दोन बोटांचे स्नायुबंध तुटले होते. शस्त्रक्रिया वेळेवर झाली, टाकेही निघाले. परंतु बोटे मिटेनात. ठरावीक दिवसांनी बोटांची हालचाल कशी सुरू करावयाची, हे कागदावर लिहून दिलेले होते. तो कागद डॉक्टरी संक्षेपांनी भरलेला, आणि घरातील समजूत अशी की, दुखऱ्या हाताला जितकी विश्रांती तितकी बरी. दोन महिन्यांत एकदाही कोणी विचारले नाही की, बाबा रे, मूठ वळते का?

कामगाराला कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने रुजविले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी हिशेबाची रीत जवळजवळ तीच राहिली आहे. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, संपूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के. चाळीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा, २०२० च्या अधिसूचनेतील १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरून, सुमारे पाच लाख रुपयांचा ठरतो. तुटलेल्या बोटाचा हिशेब असा सरळ आहे. आखडलेल्या बोटाची टक्केवारी मात्र वैद्यकाच्या दाखल्यावर ठरते आणि वादाला तोंड फुटते ते तेथेच.

वस्तुतः खरा प्रश्न या टक्केवारीच्या आधीचा आहे. इजा झाल्यापासून दाखला मिळेपर्यंतच्या आठवड्यांत कामगार कोणाच्या स्वाधीन असतो? या काळात त्याला दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या चतुर्थांशाइतकी रक्कम देण्याची तरतूद आहे. म्हणजे महिन्याला निम्मे वेतन. कामगार राज्य विम्याखालील त्याच्या बांधवास अशाच तात्पुरत्या अपंगत्वात ९० टक्के वेतन मिळते. निम्म्या वेतनात घर चालत नाही. म्हणून एक कामगार पट्टी सोडून घाईने कामावर जातो व जखम चिघळवून घेतो. दुसरा भीतीने हात जपतो आणि कायमचा गमावतो. दोघांनाही पैशाइतकीच जाणत्या माणसाची गरज असते.

अन्यत्र हे काम परिचारिकेवर सोपविलेले आढळते. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९१६ चा भरपाई कायदा आहे. त्याच्या अंमलबजावणीत इजेनंतरच्या पहिल्या आठवड्यांतच परिचारिका जखमी कर्मचाऱ्यास दूरध्वनी करते. औषध घेतले का, डॉक्टरांनी पुन्हा केव्हा बोलाविले आहे, हलके काम जमेल का, हे ती विचारते; कार्यालयाशीही बोलते. खासगी विमा कंपन्यांनीही तेथे ही पद्धत उचलली आहे. निदान डॉक्टरांचेच, परिचारिका फक्त उपचार, घर आणि कारखाना यांमधील तुटलेले धागे जोडते.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखाने, बारामतीची औद्योगिक वसाहत, वालचंदनगरचा अवजड यंत्रांचा उद्योग, एवढा कामगारवर्ग येथे आहे. परंतु साऱ्यांना एकच छत्र नाही. केवळ साखर बनविणारा कारखाना ‘हंगामी’ या व्याख्येत मोडतो, आणि हंगामी कारखान्यांना कामगार राज्य विम्यातून १९४८ च्या कायद्याने वगळले होते. नव्या संहितेनेही वगळले आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या कार्यशाळाही सक्तीच्या विम्याबाहेरच. ज्यांना हा विमा लागू आहे त्यांच्यासाठीही विम्याची जिल्ह्यातील मोठी रुग्णालये बिबवेवाडीला आणि चिंचवडला, म्हणजे बारामतीहून शंभर किलोमीटरच्या आसपास. मूठ वळते की नाही हे दाखविण्यासाठी एवढा प्रवास, आणि तोही निम्म्या वेतनावर, कोण करील?

याहून बिकट स्थिती ऊसतोड कामगारांची. बीड, अहिल्यानगरकडून ही जोडपी दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोयत्याचा घाव, मोळी वाहताना पाठीत भरलेली उसण, गाडीखाली सापडलेला पाय, फडातला सर्पदंश हे त्यांच्या कामाचेच भाग. मुकादमाची उचल अंगावर असल्याने एक दिवस पडून राहणेही महाग. मालक कोण, मुकादम की कारखाना, या वादात भरपाई अडते. कंत्राटदाराच्या माणसांची जबाबदारी मूळ मालकावरही टाकणारी तरतूद असली, तरी उघड्या फडातल्या अपघाताला ती लावून घेणे सोपे नाही. हंगाम संपला की जखमी माणूस गावी जातो. येथल्या डॉक्टरांचा कागद तेथे, आणि तेथल्या दवाखान्याला येथली माहिती नाही. अशा फिरत्या माणसामागे रुग्णालय जाऊ शकत नाही. दूरध्वनी जाऊ शकतो. आज बहुतेक कोप्यांत एखादा तरी मोबाइल असतोच.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. परिचारिकेला पगार कोण देणार? विमा कंपनीने दिला, तर ‘आता बरे वाटते’ हे कामगाराचे सहज निघालेले वाक्य उद्या त्याच्याच दाव्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहील. अमेरिकेतील कामगार या परिचारिकांकडे संशयाने पाहतात तो याच कारणाने. खर्च वाचविणे आणि हात वाचविणे ही उद्दिष्टे पुष्कळदा एकाच वाटेने जातात, पण नेहमीच नाही. जेथे वाटा फुटतात तेथे परिचारिका कोणाची, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

म्हणून ही योजना मालकाच्या वा विमा कंपनीच्या हाती नसावी. प्रत्येक तालुक्यास दोन-तीन प्रशिक्षित परिचारिका उपजिल्हा रुग्णालयाशी जोडून द्याव्यात. अपघाताची खबर मिळताच त्यांनी जखमीशी त्याच्या बोलीत बोलावे, आणि तो कामावर रुजू होईपर्यंत ठरल्या दिवशी पुन्हा बोलत राहावे. संभाषणाची नोंद कामगाराच्या मालकीची असावी व त्याच्या संमतीवाचून ती दाव्यात येऊ नये. खर्चाचा प्रश्न अवघड नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपावर टनामागे १० रुपये घेण्याचे धोरण शासनाने स्वीकारलेलेच आहे. त्यातील काही पैसे या कामी लावता येतील. इतर मालकांनी वर्गणी द्यावी. एका अंगठ्याच्या भरपाईत अशा एका परिचारिकेचे वर्षभराचे वेतन निघू शकते, हे लक्षात घेतले तर त्यांचाही तोटा नाही.

अर्थात, परिचारिकेच्या फोनने निम्मे वेतन पुरे होणार नाही आणि उघडे यंत्र झाकले जाणार नाही. त्या मागण्या कायम राहिल्याच पाहिजेत. पण भरपाई ही हानी झाल्यानंतरची गोष्ट आहे, आणि काही हानी अशी असते की जी अपघाताच्या क्षणी होत नाही. पुढल्या सहा आठवड्यांच्या शांततेत होते. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांची दोन बोटे यंत्राने नेली नाहीत. ती त्या शांततेने नेली.