विश्लेषण: स्टेशनपासून लांबचा फ्लॅट महाग? रिग्रेशनच्या गृहपाठात नेमकं काय तपासतात?

अंबरनाथ पूर्वेला स्टेशनपासून जितकं लांब जावं, तितका फ्लॅटचा चौरस फुटाचा भाव वाढत जातो. पटतंय का? सकाळच्या लोकलसाठी शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहणाऱ्या कुणालाही पटणार नाही. पण संख्याशास्त्र शिकणाऱ्या माझ्या मामेबहिणीच्या लॅपटॉपवर रविवारी हेच उत्तर आलं होतं. विषय ‘अप्लाइड रिग्रेशन ॲनालिसिस’, असाइनमेंटची मुदत सोमवार. परिसरातल्या तीस फ्लॅटची माहिती तिने घरविक्रीच्या वेबसाइटवरून जमवली होती. आकडेमोडीत कुठेही चूक नव्हती. मग बिनसलं कुठे?

रिग्रेशन म्हणजे काय?

एक गोष्ट बदलली की दुसरी सरासरी किती बदलते, हे हाती असलेल्या आकड्यांवरून काढण्याची ही पद्धत. बारावी कॉमर्सच्या गणितातही ‘लिनिअर रिग्रेशन’चं प्रकरण आहे. आलेखावर ठिपके मांडायचे आणि त्यांच्यामधून एक रेषा काढायची. प्रत्येक ठिपक्याचं रेषेपासूनचं उभं अंतर घेऊन त्याचा वर्ग करायचा. या वर्गांची बेरीज जिथे सर्वांत कमी येईल, ती आपली रेषा. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी ही रीत १८०५ मध्ये प्रसिद्ध केली.

नाव मात्र नंतर मिळालं. १८८६ मध्ये ब्रिटनच्या फ्रान्सिस गॉल्टन यांनी २०५ जोडपी आणि त्यांच्या ९२८ मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. उंच आईवडिलांची मुलं उंचच होती, पण आईवडिलांइतकी नव्हती. ती सरासरीकडे ‘मागे सरकत’ होती. मागे सरकणं, म्हणजेच रिग्रेशन.

रेषा कॉम्प्युटर काढतो, मग गृहपाठ कशाचा?

आम्ही इंजिनीअरिंगला बेरजांचे तक्ते हाताने भरायचो. समीकरण आलं की त्याखाली दोन रेघा मारून मोकळे. ठिपके आलेखावर मांडून पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. आता एक्सेल, आर किंवा पायथनमध्ये रेषा क्षणात मिळते. एआय चॅटबॉटला सांगितलं तर खाली दोन परिच्छेदांचा निष्कर्षही लिहून मिळतो. त्यामुळे खरं काम उरतं ते रेषा आल्यानंतरचं.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध धडा फ्रॅन्सिस ॲन्सकॉम्ब यांनी १९७३ मध्ये दिला. त्यांनी अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच तयार केले. चारही संचांची सरासरी जवळपास सारखीच, आणि रेषाही तीच: तीन अधिक अर्धा क्ष. पण आलेखावर पाहिलं तर एका संचात ठिपके रेषेभोवती नीट विखुरलेले, दुसऱ्यात सरळसरळ कमान. तिसऱ्यात एकच ठिपका रेषेला ओढून नेतो. चौथ्यात तर एक ठिपका काढला की रेषाच काढता येत नाही. म्हणून गृहपाठात ‘रेसिड्युअल’, म्हणजे खरा आकडा वजा रेषेने सांगितलेला आकडा, पुन्हा आलेखावर मांडायला लावतात. तिथे एखादा आकार दिसला, तर रेषेतून काहीतरी सुटलं आहे असं समजायचं.

अंबरनाथच्या आकड्यांत काय सुटलं?

इमारतीचं वय. बहिणीच्या यादीत स्टेशनजवळचे बरेचसे फ्लॅट जुन्या, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींतले होते. लांबचे फ्लॅट नव्या संकुलांतले: पोडियम पार्किंग, क्लब हाउस वगैरे. भाव वाढवत होता नवेपणा, श्रेय जात होतं अंतराला. मॉडेलमध्ये वयाचा रकानाच नव्हता, तर ते बिचारं काय करणार!

दुसरा घोळ जास्त मजेशीर. एकूण किमतीच्या मॉडेलमध्ये तिने कार्पेट एरिया आणि खोल्यांची संख्या दोन्ही टाकले, तर खोल्यांचा गुणांक उणे आला. खोली वाढली की किंमत कमी? नीट वाचलं तर त्यात गैर नाही. क्षेत्रफळ तेवढंच ठेवून खोली वाढवली, तर सगळ्याच खोल्या लहान होतात. शिवाय या दोन गोष्टी बहुतेकदा एकत्रच वाढतात, त्यामुळे कुणाचा परिणाम किती हे मॉडेलला वेगळं करता येत नाही. याला ‘मल्टिकोलिनिॲरिटी’ म्हणतात.

आणि मुळात वेबसाइटवरचा भाव हा मालकाने सांगितलेला भाव. व्यवहार कितीला नोंदवला गेला, ते इंडेक्स टू मध्ये दिसतं. पहिलं घर घेणाऱ्याने ‘या भागातला अंदाजे दर’ पाहून कर्जाचा आकडा ठरवण्याआधी एवढं तरी विचारावं.

न मोजलेलं किती महागात पडू शकतं?

जानेवारी १९८६. ‘चॅलेंजर’ यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री थंडीमुळे रबरी ओ-रिंग निकामी होतील का, यावर वाद झाला. आधीच्या ज्या उड्डाणांत रिंगला इजा झाली होती, तेवढ्यांचीच तापमानं पाहिली गेली. त्यात थंडीशी ठोस संबंध दिसेना. इजा न झालेली उड्डाणं कुणी मांडलीच नाहीत, आणि ती सगळी १८ अंश सेल्सिअसच्या वरची होती. दुसऱ्या दिवसाचा अंदाज शून्याच्या आसपासचा होता. इतक्या थंडीत यान कधी उडालंच नव्हतं, म्हणजे हाती असलेल्या ठिपक्यांच्या पार बाहेर रेषा ताणायची होती. २८ जानेवारीला सातही अंतराळवीर गेले. हे आकडे आजही जगभरच्या रिग्रेशनच्या गृहपाठांत सोडवायला दिले जातात.

मामेबहिणीने रविवारी रात्रीपर्यंत एजंटांना फोन केले, दोन सोसायट्यांच्या वॉचमनलाही विचारलं. तीसपैकी एकोणीस इमारतींचं वय मिळालं. तेवढ्यांवर मॉडेल पुन्हा चालवलं तर अंतराचा गुणांक उणे झाला, म्हणजे लांब गेलं की भाव कमी. उरलेले अकरा फ्लॅट का वगळले, हे तिने असाइनमेंटच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे. मार्क अजून यायचे आहेत.